शेवटचा अर्धा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांना सगळे परीक्षकबाई म्हणायचे. मान म्हणून नाही हो, चेष्टाच होती ती. मुलांच्या पुस्तकांना दर वर्षी एक मोठा पुरस्कार मिळतो, त्याची अंतिम यादी महिना-दीड महिना आधी जाहीर होते, आणि ती जाहीर झाली की बाईंचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. डबा खाताना एक हात पुस्तकात. चहाच्या सुट्टीत पुस्तक. कुणी विचारलं, "काय बाई, यंदा कुणाला देताय बक्षीस?" तर त्या अगदी गंभीरपणे म्हणायच्या, "अजून दोन वाचायची राहिलीत. त्याआधी बोलणं बरोबर नाही." जसं काही यांनी मान हलवल्याशिवाय तिकडे कुणी लिफाफाच उघडणार नव्हतं.

बाईंची पन्नाशी केव्हाच उलटलेली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं एकेक करून कंटाळली, काही देवाघरी गेली, आणि तो प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला. राहायला एक खोली आणि तिच्यातच कोपऱ्यात ओटा. खाली फ्रिज दुरुस्तीचं दुकान, दिवसभर ठोकाठोकी. बाई कामावरून येईपर्यंत दुकान बंद होण्याची वेळ व्हायची, आणि मग जी शांतता पसरायची तिच्यापेक्षा ती ठोकाठोकी परवडली, असं बाईंना वाटायचं.

काम घडी घालायचं. पुस्तक छापतात तेव्हा एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापली जातात, काही सुलटी, काही उलटी, आणि क्रम असा की नवख्याला वाटावं छापणारा शुद्धीवर नव्हता. त्या कागदाला ठरलेल्या घड्या पडल्या की पानं मुकाट्याने एकामागून एक येऊन उभी राहतात. अशा घडी घातलेल्या कागदाला फर्मा म्हणायचं. फर्म्यावर फर्मा रचला, शिवला, पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. हल्ली घड्या यंत्रच घालतं. पण पुस्तकाची पानं काही दर वेळी सोळाच्या हिशेबात बसत नाहीत. शेवटी आठ पानं उरली तर त्या अर्ध्या फर्म्यासाठी यंत्राची मांडणी कोण बदलत बसणार? ते गठ्ठे हातघडीच्या टेबलावर यायचे, बाईंकडे आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीकडे.

पुस्तकं बाई वाचनालयातून आणायच्या. मुलांच्या विभागात बसायला खुर्च्याही मुलांच्याच, म्हणजे गुडघे हनुवटीला टेकतील अशा. बाई त्यांच्यावर बसायच्या आणि उठताना शेल्फाला धरून उठायच्या. सुरुवातीला तिथली मुलगी गोड हसून विचारायची, "नातवंडांसाठी का?" बाई 'हो' म्हणायच्या. एकदा त्या मुलीने नातवाचं वय विचारलं आणि बाईंची अशी काही भंबेरी उडाली की त्या पुस्तक न घेताच घरी आल्या. पुढच्या खेपेला आपणहून म्हणाल्या, "मीच वाचते. मला आवडतात." ती मुलगी "अरे वा" म्हणाली. पण तिने वर मान करून असं काही पाहिलं, की बाईंना वाटलं नातूच बरा होता.

आता हे खूळ आलं कुठून, तर भाचीपायी. बाईंची थोरली बहीण इस्पितळात नर्स. तिची संध्याकाळची पाळी असली की तिची मुलगी बाईंकडे असायची. पोरगी दुसरी-तिसरीत असताना एका पेपरात त्या पुरस्काराची यादी आली होती. वेळ घालवायचा म्हणून दोघींनी ती पुस्तकं मिळवली आणि वाचली. निकाल लागला, बाईंना आवडलेलं पुस्तक जिंकलं, आणि ती एवढीशी कार्टी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन्याय आहे हा!" मग जे भांडण पेटलं ते बहीण पाळी संपवून आली तरी विझेना. बहिणीला वाटलं खरंच काहीतरी झालंय. त्या दिवसापासून भाचीचं नाव पडलं वकीलबाई.

तेव्हापासून दर वर्षी हेच. यादी आली की दोघींनी सगळी पुस्तकं वाचायची, वाचून होईपर्यंत एकमेकींना चकार शब्द सांगायचा नाही, आणि निकालाच्या संध्याकाळी समोरासमोर बसून भांडायचं. वकीलबाई मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली, विमा कंपनीत लागली, लग्न केलं, तिला मुलगी झाली. मधल्या काळात बहीणही गेली. समोरासमोरच्या भांडणाचं फोनवरचं भांडण झालं, पण चुकलं एकदाही नाही. आणि भांडण म्हणजे कसं, तर अगदी कडाकडा! बाई एकाची बाजू घ्यायच्या, वकीलबाई हटकून दुसऱ्याची. बाई तावातावाने म्हणायच्या, "अगं तुला अक्कल आहे का? त्या म्हातारीचं बोलणं वाचलंस ना?" तिकडून वकीलबाई म्हणायची, "म्हातारी बरीय गं, पण सुरुवात किती संथ आहे!" फोन ठेवला की बाईंचे कान लाल झालेले असायचे आणि पोट भरल्यासारखं वाटायचं. ती संध्याकाळ त्यांना वर्षभर पुरायची. दुसरं कोण होतं? कामावरच्या बायका ऐकून घ्यायच्या, "छान हो" म्हणायच्या, आणि भाजीच्या भावाकडे वळायच्या. पुस्तक वाचून आलेलं, आणि तुमचं चुकतंय असं तोंडावर सांगणारं माणूस त्या अख्ख्या जगात बाईंना एकच होतं.

यंदा यादी आली आणि बाई टेबलावरच किंचाळल्या. यादीतलं एक पुस्तक त्यांच्याच कारखान्यात बांधलेलं! आजवर असं कधी झालं नव्हतं. सर्कस बंद पडते, सगळे आपापल्या वाटेने जातात, आणि एक म्हातारं गाढव मागे राहतं. तिकीट विकणाऱ्या बाईची मुलगी त्या गाढवाला घेऊन त्याच्या पहिल्या मालकाला शोधायला निघते, अशी गोष्ट. कारखान्यात ते बांधलं तेव्हा बाई तापाने घरी होत्या, त्यामुळे त्यांनी ते पाहिलंही नव्हतं. वाचनालयात त्याला ही लांब रांग लागलेली. मग बाई थेट मुकादमाकडे गेल्या.

"खराब प्रती असतील की कोपऱ्यात. एक घेऊ का?"

"घ्या की," मुकादम म्हणाला. "पण परीक्षकबाई, आपलं पुस्तक आहे म्हणून पार्शालिटी नको हं!"

खराब प्रतींच्या ढिगात बाईंना एकच प्रत सापडली. ती बाद झाली होती त्याचं कारण सरळ होतं, शेवटचा अर्धा फर्मा शिवायचाच राहून गेला होता. यंत्राचे फर्मे एकीकडे, हातघडीचे दुसरीकडे, रचताना होते कधी चूक. बाईंना हे उघडल्या उघडल्या कळलं, तरी त्यांनी ती नेली आणि वाचली. शेवटी मुलगी आणि गाढव त्या घरासमोर येऊन पोचतात, मुलगी दार वाजवायला हात उचलते, आणि पुढे पुठ्ठा!

आता सांगा, काय करावं माणसाने? दोन दिवस बाईंना काही सुचेना. दार कोण उघडतं? मालक जिवंत असेल का? गाढवाला ओळखेल का? शेवटी त्यांनी भाचीला फोन लावला.

"वकीलबाई, गाढवाचं वाचलंस का?"

"कधीच. सगळी झाली माझी," भाची म्हणाली. मागे तिची पोरगी कशासाठी तरी भोकाड पसरत होती.

"मग नियम मोडायला हरकत नाही. अगं माझ्या प्रतीला शेवटची आठ पानंच नाहीत! दार कोण उघडतं ते सांग मला आधी. जीव चाललाय माझा."

भाची जरा थांबली. बाईंना वाटलं, पोरीकडे बघत असेल. मग ती हळूहळू सांगायला लागली. दार कुणी उघडतच नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. घर रिकामं, कधीचं कुणी राहत नाही तिथे. मुलगी रडकुंडीला येते, पण गाढव आपलं सरळ आत जातं आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी जाऊन उभं राहतं, जसं रोजच तिथे उभं राहतं. मग मुलगी खिडकी उघडते, चूल पेटवते, आणि ठरवते की आता इथेच राहायचं.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बास," त्या म्हणाल्या, "यंदा माझं हेच. आत्ताच सांगून ठेवते."

"मी नाही देणार हं सहजासहजी," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना बाईंनी तो शेवट चष्मेवालीला इतका रंगवून सांगितला, की चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. मुकादमालाही सांगितला. आठवडाभर बाई अशा चालत होत्या जशी त्या रिकाम्या घराची किल्ली यांच्याच कमरेला होती.

आणि निकालाच्या आदल्या दिवशी त्या पुस्तकाची नवी छपाई आली. यादीत आलं म्हणून खप वाढला होता. मोठे फर्मे यंत्राकडे गेले आणि शेवटच्या अर्ध्या फर्म्याचे गठ्ठे हातघडीच्या टेबलावर येऊन पडले.

बाई मनातल्या मनात हसल्या. पहिला कागद ओढला, हाडाच्या पट्टीने घडी दाबली, दुसरी घातली. आठ पानं क्रमाने लागली. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी वाचू एकदा. आणि उभ्याउभ्या वाचायला लागल्या.

दार एक माणूस उघडतो. चांगला धडधाकट असतो. तो गाढवाकडे बघतो आणि म्हणतो, "हे माझं नाही." मुलगी गाढवाला पुढे ढकलते. गाढवही त्याला हुंगत नाही, नुसतं उभं राहतं. माणूस मुलीला पाणी देतो, गाढवालाही देतो, आणि दार लावून घेतो. मग ती दोघं आली त्याच वाटेने परत निघतात. पुस्तक संपतं तेव्हा अजून अर्धी वाटही झालेली नसते.

बाईंनी दुसरा कागद घेतला. वेड्यासारखी त्याचीही घडी घातली आणि वाचला. त्यातही तेच होतं. दुसरं काय असणार? गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर तो माणूस "हे माझं नाही" असंच म्हणत होता.

चष्मेवालीही तोवर वाचून बसली होती. "अहो परीक्षकबाई," ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात घर रिकामं होतं. खिडकीपाशी उभं राहतं म्हणालात."

"माझाच घोळ झाला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं सांगितलं मी तुला."

"तरीच! पण तुमचं जास्त चांगलं होतं."

बाईंनी पुढचा कागद ओढला. दिवसभर घड्या घालत राहिल्या. भाचीने पुस्तक वाचलं नव्हतं, एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. संसार आहे, नोकरी आहे, राहिलं असेल एखादं. पण एकदा शंका शिरली की ती थोडीच एका पुस्तकावर थांबते! बाईंना एकेक भांडण आठवायला लागलं. सुरुवात संथ आहे. मधे पकड घेतं. शेवट जरा घाईत उरकलाय. ती मुलगी खरी वाटते, आई तेवढी वाटत नाही. हे काय, कुठल्याही पुस्तकाबद्दल म्हणता येतं! स्वयंपाकाच्या पुस्तकाबद्दलसुद्धा म्हणता येईल! आणि आपण मूर्खासारख्या प्रत्येक वाक्याला धरून तासभर भांडत होतो. कुठलं पान, कुठला प्रसंग, सगळं आपणच सांगत होतो. ती फक्त "तरीही मला नाही पटत" म्हणत होती.

घरी जाताना त्यांनी स्वतःला बजावलं, उद्या काही बोलायचं नाही. नेहमीसारखं भांडायचं, मजा करायची, फोन ठेवायचा. कळलं म्हणून सांगायलाच हवं असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. निकाल जाहीर होण्याचा कार्यक्रम बाईंनी मोबाइलवर लावलाच नाही, फोनच त्याच्यावर चालू होता. भाचीकडे टीव्हीवर लागला होता, तिथला टाळ्यांचा आवाज येत होता.

"हं, परीक्षकबाई! तुमचं गाढव ना?" भाची म्हणाली. "माझं बेटावरचं पुस्तक. आता हो सुरू."

"का बेटावरचं?" बाईंनी विचारलं.

"अगं, सुरुवात जरा संथ आहे, पण मधे अशी पकड घेतं की..."

बाईंनी ठरवलं होतं ते सगळं तिथेच ढासळलं.

"काल गाढवाचा शेवटचा फर्मा माझ्या टेबलावर आला होता," त्या म्हणाल्या. "मीच घडी घातली."

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. एक दार लागलं.

"मावशी," भाची म्हणाली. वकीलबाईचा आवाजच नव्हता तो.

"कधीपासून?"

"मावशी, ऐक ना..."

"कधीपासून वाचत नाहीस ते सांग."

"कॉलेजात गेले तेव्हापासून. पहिल्या वर्षी दोन वाचली होती. मग नाही झालं. मला नाही गं आता ती पुस्तकं... मी मोठी झाले मावशी. मला सांगायचं होतं. दर वर्षी ठरवायचे. पण तू 'हॅलो' म्हणायचीस तेच इतकं आनंदात, की माझी जीभच उचलायची नाही."

"मग पुस्तक कसं निवडायचीस?"

"तू जे म्हणशील ते सोडून दुसरं. तुला भांडता यावं म्हणून."

खाली दुकानदाराने शटर ओढलं. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याच्या मागून जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"मग इतकी वर्षं मी भांडले कुणाशी गं?"

"माझ्याशीच ना!" भाची रडायला लागली होती. "माझ्याशीच भांडलीस. मी होते की फोनवर. मी काही तुझी चेष्टा नाही केली. आई गेल्यावर तू कुणाशी बोलतेस, मला माहीत नाही का? मला वाटलं, एक संध्याकाळ तर आहे."

"म्हणजे कीव केलीस."

"असं नको ना म्हणू."

"आणि ते रिकामं घर? ते कुठून आणलंस?"

"तिथल्या तिथे सुचलं. पोरगी रडत होती, तू म्हणालीस जीव चाललाय. म्हटलं, मावशीला काय आवडेल?" भाचीने नाक ओढलं. "तुला आवडलं ना ते?"

आवडलं होतं. हीच तर खरी अडचण होती. बाईंना इतकं ओळखून असणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि त्याच माणसाला बाईंनी आयुष्यभर जे वाचलं त्यात काडीचा रस नव्हता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असू शकतात, ते बाईंना समजेना.

"पुढच्या वर्षीपासून असं करूया," भाची म्हणाली, "तू सगळी पुस्तकं मला सांगायचीस. मी ऐकेन. खरंच ऐकेन, खोटं काही बोलणार नाही."

"ऐकायला काय, भिंतीही ऐकतात," बाई म्हणाल्या. "मला भांडायला माणूस हवं होतं."

भाची 'वाचेन हं मी पुढच्या वर्षी' असं म्हणेल, अशी बाईंना आशा होती. तेवढं खोटं अजून एकदा चाललं असतं. पण पोरगी खरं बोलायचं ठरवून बसली होती.

"मला नाही जमणार गं मावशी," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. "तुझी मुलगी दार वाजवतेय. जा, तिला जेवायला घाल."

फोन ठेवला. चहा टाकावा म्हणून उठल्या आणि पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग आठवलं, निकाल लागून गेला असेल. बोलण्याच्या नादात दोघींनाही कळलं नव्हतं. बाईंनी मोबाइलवर शोधलं. चष्मा डोक्यावर होता, तो खाली ओढला.

गाढवाचं जिंकलं होतं.

बाईंच्या टेबलावरून गेलेलं पुस्तक! "अगं बाई!" असं त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या आणि बोट सवयीने भाचीच्या नंबरवर गेलं. ते त्यांनी उचललं. फोन पालथा घालून ओट्यावर ठेवला.

उद्या कामावर सांगता येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मुकादम सगळ्यांना चहा सांगेल. चष्मेवाली टाळ्या पिटेल, बायका पाठीवर थाप मारतील, परीक्षकबाईंचा अंदाज कसा अचूक म्हणून कौतुक होईल. आणि तिथे एकही जण कमरेवर हात ठेवून म्हणणार नाही, की हे जिंकायला नको होतं.